मला काय धाड भरली आहे?



बर्‍याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात एकदोघांनी विचारलं, "बाई, लिहिणं का थांबवलंत?" काही नाही, तब्येतीचं जरा निमित्त झालं होतं. आणि आज नेमकं त्यावरच लिहायचं आहे. घरची मंडळीही हे वाचतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, यातल्या काही गोष्टी तुम्हाला पहिल्यांदाच कळणार आहेत. लगेच फोन करून रागवू नका. शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल रागवा.

दर रविवारी सकाळी पुण्याहून मुलाचा फोन येतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, तब्येत कशी आहे?" माझं उत्तरही ठरलेलं, "मला काय धाड भरली आहे? तू तुझं सांग." मग नातवंडांच्या परीक्षा, सुनेचं ऑफिस, आमच्या वाशीमचं ऊन नाहीतर पाऊस, आणि फोन बंद. हे जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून एकदाही हा क्रम चुकला नाही. आणि मी मुद्दाम खोटं बोलत होते असंही नाही बरं का. मला खरोखरच तसं वाटत होतं. सकाळी उठते, आंघोळ करते, देवपूजा, स्वयंपाक, धुणं सगळं माझं मी करते. मग मला काय झालंय?

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या इथल्या मंदिराच्या सभामंडपात ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिर होतं. शेजारच्या काकू एकट्या जायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांच्या सोबतीला गेले. नर्सिंगच्या मुली फॉर्म भरून घेत होत्या. माझ्या वाट्याला आलेली मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. नाव, वय, शिक्षण विचारून झालं. "बीए, मराठी माध्यम, निवृत्त शिक्षिका," मी जरा ताठ बसून सांगितलं. मग तिने विचारलं, "आजी, तुमची तब्येत तुम्हाला कशी वाटते? फार चांगली, चांगली, ठीक, वाईट की फार वाईट?"

मी म्हटलं, "अगं, तब्येत कशी आहे ते डॉक्टरांनी सांगायचं. मला काय विचारतेस?"

ती हसली. "फॉर्मात तसंच लिहिलंय आजी."

"मग लिही, चांगली."

तिने खूण केली. पुढचे प्रश्न झाले. व्यायाम? घरकाम करते की! तंबाखू? छे! जेवण? शाकाहारी, साधं. झोप? येते. पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळाल्यासारखं मला वाटत होतं. फॉर्म मिटताना ती सहज म्हणाली, "आजी, मागच्या वर्षी करत होतात आणि आता सोडून दिलं, असं काही आहे का?"

हा प्रश्न फॉर्मात नव्हता. तिच्या घरी बहुधा एखादी आजी असावी.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. गच्चीवर जाणं सोडलं होतं. कुरडया-पापड उन्हाळ्यात अंगणातच वाळवले, लोकांना सांगितलं की माकडं फार झालीत. बालाजीच्या देवळात संध्याकाळी जाणं सोडलं होतं, कारण वाटेत दोनदा दम खायला थांबावं लागायचं. पूजा खुर्चीवर बसून करत होते. लग्नाकार्याला जाणं टाळत होते, कारण तिथे बाथरूमची सोय कशी असेल याची धास्ती. आणि संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणंच सोडलं होतं, रात्री उठावं लागू नये म्हणून.

मी हे सगळं त्या मुलीला सांगत गेले आणि माझं मलाच नवल वाटत गेलं. एकेक गोष्ट सुटली तेव्हा तिचं कारण वेगळं होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. त्यांची बेरीज मी कधी केलीच नव्हती. आयुष्यभर मुलांना बेरजा शिकवल्या!

तिने रक्तदाब घेतला. थोडं बसवून पुन्हा घेतला. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. वरचा आकडा १७८ होता. बोटातून रक्त घेतलं तर हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

आता आलं का पंचाईतीचं! गुडघे दुखायचे म्हणून मी कितीतरी वर्षं मेडिकलमधून गोळी आणत होते. आधी कधीतरी, मग रोज एक, मग थंडीत दोन. दुकानातल्या मुलाला नावही सांगावं लागत नसे, मला पाहिलं की तो पट्टी काढून ठेवायचा. ही सवय कोणाला सांगावी असं मला वाटलंच नाही, कारण माझ्या लेखी ती सवयच नव्हती. सवयी म्हणजे तंबाखू, दारू, पत्ते. गोळी हे औषध. औषधाची कसली आली सवय?

पुढे तपासण्या झाल्या, तोंडातून दुर्बीण घालून पोट पाहिलं. जठरात जखम निघाली. तिच्यातून थोडंथोडं रक्त जात होतं. शौचाला काळी होत होती ती त्यामुळे. मी मात्र मेथी-पालकाला दोष देत होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या दुखण्याच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या तर जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं, शरीरात मीठपाणी साठून रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांवरही ताण येतो. दम लागत होता तो "वयाने" नव्हे, अंगात रक्त कमी म्हणून. त्यात भर माझ्या बाकीच्या सवयींची. जेवण झालं की लगेच कपभर चहा, त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आठवड्यातले दोन-तीन दिवस साबुदाण्यावर. एकटीसाठी कशाला म्हणून वरण-भाजीला फाटा, पोळी आणि लोणचं. आणि लोणचं, पापड, ठेचा म्हणजे मिठाची खाणच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही सगळ्या जेवणाखाणातला मिळून. माझं तेवढं सकाळीच होत असणार.

तर सांगायचा मुद्दा असा की मी "चांगली" होते ती गोळीमुळे. गोळी दुखणं झाकत होती, आणि झाकताझाकता दुसरं दुखणं तयार करत होती. माझ्या उत्तराला मी भुलले होते.

दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मुलाला सांगितलं नाही. (हो, हीच ती गोष्ट. रागवा आता.) भाचीला मात्र कळलं आणि ती मुंबईहून आली. तिचा अभ्यासाचा विषय लोकसंख्याशास्त्र आहे. खाटेवर पडल्यापडल्या मी तिला त्या फॉर्मातल्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. म्हटलं, असला कसला प्रश्न, ज्याचं उत्तर बीए झालेली बाईही चुकवते?

ती म्हणाली, "मावशी, तो प्रश्न जगभर विचारतात." मग तिने सांगितलं ते मला फार नवल वाटलं. अमेरिकेतल्या एलेन आयडलर आणि इस्रायलच्या याएल बेन्यामिनी या दोघी अभ्यासकांनी १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला होता. आपली तब्येत वाईट आहे असं म्हणणारे लोक पुढच्या काळात जास्त प्रमाणात दगावतात, असं जवळपास सगळीकडे आढळलं. तेही वय, आजार वगैरे हिशेबात धरल्यावर. म्हणजे "माझं काही खरं नाही" म्हणणार्‍या माणसाला काहीतरी कळत असतं, जे डॉक्टरांच्या कागदावर नसतं.

आपल्याकडेही लासी नावाची मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती केली आणि २०२१ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला. ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. पण नुसतं विचारून थांबले नाहीत. रक्तदाब मोजला, हाताच्या मुठीची ताकद मोजली, श्वास मोजला, किती वेगाने चालतात ते पाहिलं. म्हणजे माणसाचं म्हणणं एका कागदावर आणि मोजमाप दुसर्‍या कागदावर. मला हे आवडलं. तोंडी परीक्षा वेगळी, लेखी वेगळी. एकीचे गुण दुसरीत धरायचे नाहीत.

"आणि गंमत सांगू?" ती म्हणाली. २००२ मध्ये अमर्त्य सेन यांनी यावर एक छोटा लेख लिहिला होता. केरळमधली माणसं देशात सर्वांत जास्त जगणार्‍यांपैकी, पण मी आजारी आहे असं सांगण्यात तीच पुढे. आणि बिहारमध्ये आयुष्य कमी, तरी आजार सांगणारे सगळ्यांत कमी. कारण काय, तर ज्याने शाळा पाहिली, दवाखाना पाहिला, त्याला दुखणं हे दुखणं म्हणून ओळखू येतं. ज्याने पाहिलंच नाही, तो त्याला नशीब म्हणतो, वय म्हणतो.

भाची बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे दोन माणसं उभी राहिली. एक दादा, माझा मोठा भाऊ. दुसर्‍या आत्याबाई, ह्यांच्या आत्या.

आत्याबाईंना तब्येत विचारायची सोय नाही. "काही खरं नाही व बाई माह्यं आता," हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. आज त्या नव्वदीला टेकल्या आहेत. डोकं दुखलं की सांगतात, पोट दुखलं की सांगतात, रात्री झोप लागली नाही तर सकाळी सगळ्या गल्लीला कळतं. आम्ही सुना मागे हसायचो. पण त्यांचा दिवस पाहाल तर घड्याळासारखा. पहाटे उठून देवळात काकड्याला, चालत. जेवण अकराला आणि सातला, अर्धी भाकर कमी. आणि डॉक्टरांना एकही गोष्ट सांगायची बाकी ठेवत नाहीत. त्यामुळे त्यांची साखर वेळेत सापडली, मोतीबिंदू वेळेत निघाला.

आणि दादा! रिसोडकडे शेती. पंचाहत्तरीतही रोज पायी वावरात जायचा, यायचा. डवरणीला, सोंगणीला स्वतः उभा. दादाला तब्येत विचारली की म्हणायचा, "मले काय धाड भरली व?" (माझं वाक्य मुळात त्याचंच आहे, आता लक्षात येतं.) पण तोंडात सतत सुपारीचं खांड, तंबाखू, चुना. झोपतानाही गालात. पुढे पुढे त्याला तिखट सोसेना. ठेचा हा त्याचा प्राण, तो त्याने सोडला. भाकर दुधात कुस्करून खाऊ लागला. मग घास लहान झाले, कारण तोंड पुरतं उघडत नव्हतं. मी माहेरपणाला गेले तेव्हा हे पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "दात गेले, वय झालं, अजून काय?" मलाही पटलं. सुपारीने गालाच्या आतली कातडी टणक होत जाते, तोंड कमी उघडतं, तिखट झोंबतं, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली तेव्हा दादा हसून म्हणाला होता, "आपण कुठी गुटखा खातो?" खरंच खात नव्हता. सुपारी आणि तंबाखू घरची होती. २०१६ मध्ये तो गेला. दाखवायला नेलं तेव्हा गाठ मानेत उतरली होती.

त्याच सुमाराला, २०१६-१७ मध्ये, तंबाखूची जी मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातले दर शंभरातले २४ हून अधिक प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे निघाले. त्यातल्या किती जणांना तब्येत विचारली असता "धाड भरली का" असं उत्तर आलं असेल!

भाचीला मी म्हटलं, "म्हणजे आत्याबाई केरळ आणि आमचा दादा बिहार." ती खूप हसली. मला मात्र हसता हसता रडू आलं. कारण दादा खोटारडा नव्हता. चालणं, काम, मोकळी हवा, चार माणसांत ऊठबस या त्याच्या चांगल्या सवयींनी त्याला खरंच बरं वाटत होतं. आणि त्याच बरं वाटण्याच्या आड ती एक वाईट सवय लपून बसली होती. अंगात रग असलेल्या माणसाला कोण म्हणणार तू आजारी आहेस म्हणून? तो स्वतः तर नाहीच नाही.

दवाखान्यातून घरी आले आणि एक जुना हजेरीपट काढला. कोरे कागद बरेच शिल्लक होते त्यात. मुलांच्या नावांच्या जागी माझ्या सवयी लिहिल्या. सकाळचं चालणं. संध्याकाळी पाणी. वरण-भाजी. रक्तदाबाची गोळी. जेवणानंतर तासभर चहा नाही. घराबाहेरच्या माणसाशी बोलणं. आणि शेवटच्या रकान्यात "आज कसं वाटलं", पाचपैकी गुण. शेजारी गुडघ्याच्या दुखण्यालाही पाचपैकी गुण. दुखण्याची ती गोळी बंदच झाली. आता डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आणि शेक, आणि अगदीच नाही राहवलं तर त्यांनी दिलेलं साधं औषध, तेही त्यांना विचारून.

तीन महिन्यांनी पट घेऊन बसले, जशी सहामाहीचा निकाल लावायला बसायची. मला वाटलं होतं की गुडघा कमी दुखला त्या दिवशी गुण जास्त दिसतील. तसं अजिबात नव्हतं! गुडघा बहुतेक दिवस सारखाच होता, तीन. ज्या दिवशी चालायला गेले आणि कोणाशी तरी चार शब्द बोलले, त्या दिवशी चार-पाच गुण. पाऊस म्हणून घरात बसले, टीव्ही पाहिला, त्या दिवशी दोन. उपासाच्या संध्याकाळी हमखास दोन. आणि रक्तदाब? त्याचं आणि माझ्या गुणांचं काही नातंच दिसेना. १६० असतानाही मी स्वतःला चार गुण दिले होते.

एकटीच्या वहीवरून जगाला शिकवू नये हे मला कळतं. पण मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. "तब्येत कशी वाटते" या प्रश्नाला माझं मन प्रामाणिक उत्तर देतं, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं असतं. दिवस कसा गेला, कोण भेटलं, किती चालले, ते मन सांगतं. रक्तदाबाला मात्र तोंड नसतं. तो मोजावाच लागतो.

सोयी नाहीत असंही आता म्हणता येत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आपला वाशीम अकोला जिल्ह्यात होता, १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. आणि २०१०-११ मध्ये केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या १०० जिल्ह्यांत वाशीमचं नाव होतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्या सगळ्यांनाच आयुष्मानचं कार्ड मिळतं, ते मीही काढलं आहे. पण कार्ड कामी येतं दवाखान्यात दाखल झाल्यावर. तिथवर जायचं तर आधी दुखतंय असं म्हणावं लागतं. आणि ते म्हणण्याचीच सवय नाही आम्हाला, विशेष करून बायकांना. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं आपण खायचं, तसं सगळ्यांची दुखणी झाल्यावर वेळ उरला तर आपलं दुखणं.

आता चालायला रोज पहाटे जाते. आठवड्याला १५० मिनिटं तरी चालावं म्हणतात, माझी भरतात. शेजारच्या काकूही येतात. बालाजीच्या देवळापर्यंत परवा न थांबता गेले. पायर्‍यांवर बसून दहा मिनिटं नुसती लोकांकडे पाहत राहिले. हिमोग्लोबिन ११ च्या वर आलं आहे. गच्चीवर अजून जात नाही. कठडा धरून निम्म्या पायर्‍या चढते आणि उतरते. उपास दोनवर आणले, एकादशी आणि चतुर्थी. देवाची काही तक्रार आलेली नाही.

आत्याबाईंना मी नुकतीच भेटले. त्यांना म्हटलं, "आत्याबाई, इतकी वर्षं आम्ही तुम्हाला हसलो." त्या म्हणाल्या, "हसा व माय. मी सांगत व्हते म्हून तं हाये." आणि लगेच पाठ कशी दुखते ते सांगायला लागल्या. या वेळी मी पूर्ण ऐकून घेतलं.

तर माझ्या लेकराला आणि बाकी सगळ्या लेकी-सुना-भाच्यांना एकच सांगणं आहे. रविवारी फोन कराल तेव्हा "तब्येत कशी आहे" हे विचारा, जरूर विचारा, ते ऐकायला बरं वाटतं. पण तेवढ्यावर फोन ठेवू नका. "या महिन्यात काय करायचं सोडलंस?" हेही विचारा. आणि "गोळ्या कोणत्या घेतेस, वाचून दाखव," असंही म्हणा. आम्ही चिडू. म्हणू, मला काय धाड भरली आहे? तरी विचारा. दादाला हे कोणी विचारलं नाही. मी त्याच्या ताटासमोर बसून, दुधात कुस्करलेली भाकर पाहून, उठून आले होते.

संक्रांत जवळ आली आहे. तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्यात, आज त्याच उकडायला ठेवल्या आहेत. मीठ बेताने घातलं आहे.

बाकी क्षेम.